गणपत कृष्णाजींचें लांकडी छापयंत्र

छापयंत्र म्हटलें म्हणजे विलायतेहून आलेला लोखंडी सांगाडाच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें येईल. परंतु मराठी मुद्रणाच्या आरंभींचें एक यंत्र मुंबईंतच, तेंही लांकडाचें घडलें. तें घडविणारे गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजांतील गृहस्थ. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम करीत असतां त्यांनीं यंत्राची रचना बारकाईनें न्याहाळली, व पुढें स्वतःच तसें यंत्र उभें केलें. शाईही त्यांनींच सिद्ध केली.

शिळाछापाचें तत्त्व साधें आहे. तेलकट शाईनें लिहिलेलीं अक्षरें दगडावर उतरवावयाचीं व दगड ओला करावयाचा. मग रूळ फिरविला असतां शाई अक्षरांसच धरते, ओल्या भागास धरीत नाहीं. वर कागद ठेवून दाबला कीं पान उठतें. मात्र दाब सर्वत्र सारखा पडला पाहिजे, आणि लांकडी यंत्राची खरी परीक्षा तेथेंच.

१८३१ सालीं त्यांनीं मराठी पंचांग छापलें. पण यंत्राहूनही लोकांचें मन वळविणें कठीण! शाईंत चरबी असते, या शंकेनें सोंवळे लोक छापील कागदास शिवत नसत. गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घातलें. ही युक्ति आज हंसण्यासारखी वाटेल. परंतु देवघरांत छापील ग्रंथ शिरावयाचा, तर दुसरा मार्ग कोणता होता?

पुढें त्यांनीं लोखंडी यंत्र आणलें व खिळेही ओतविले. त्याच मिशन छापखान्यांत लहानपणीं खिळे घांसणाऱ्या जावजी दादाजींनीं १८६४ मध्यें खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला.