ठाण्यातल्या बाकड्यावरचं मूल

नवऱ्याने मारलं म्हणून बाई रात्री पोलीस ठाण्यात येते, तेव्हा अनेकदा कडेवर किंवा बोटाला मूल असतं. ठाणे अंमलदार बाईचं ऐकतो, एनसी घ्यायची की एफआयआर ते ठरवतो. ‘पोराला लागलं नाही ना?’ एवढं विचारलं की मुलाचा विषय संपला. त्याने घरात काय पाहिलं, हे कागदावर येत नाही; आणि कागदावर आल्याशिवाय पुढचं कुणी हलत नाही.

वास्तविक बाल न्याय अधिनियम, २०१५ने ही साखळी आखून दिली आहे. प्रत्येक ठाण्यात किमान सहायक फौजदार दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा. मुलाशी बोलताना शक्यतो गणवेश नको. घरी पाठवणं धोक्याचं वाटलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. समितीची बैठक नसेल, तर एका सदस्यापुढेही नेता येतं. हे ठाऊक नसलं की मूल बाकड्यावरच.

इथून दोन कामं सुरू होतात. पोलीस गुन्ह्याचा तपास करतात. मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यासाठी कलम ७५ आहेच. समितीला मात्र मूल आज कुठे झोपेल आणि पुढे कुणाजवळ वाढेल, हे ठरवायचं असतं. त्यासाठी सामाजिक कार्यकर्ता घरी, शाळेत, मामाकडे जाऊन चौकशी करतो. अडचण होते ती इथेच. बाप जामिनावर सुटून त्याच खोलीत परतलाय, हे पोलिसांना माहीत असतं, कार्यकर्त्याला नाही. वर्गशिक्षिकेने मुलीच्या दंडावरचे वळ पाहिलेत, हे कार्यकर्त्याला कळतं, तपास अधिकाऱ्याला नाही. आणि मुलगी तीच हकिगत प्रत्येकाला नव्याने सांगत बसते.

मुंबईत यावर एक तोडगा १९८४ मध्येच निघाला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसणार, पण त्यांच्या हाताखाली नाही. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत शहाणी कल्पना.

बाईच्या मनात वेगळीच धास्ती असते: मुलाला बालगृहात टाकतील. म्हणून ती मुलाबद्दल गप्प राहते. कायदा तर संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५च्या कलम २१ खाली तिला मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतो. आदेश झाला की कलम २४नुसार त्याची प्रत दोन्ही पक्षांना, पोलीस ठाण्याला आणि सेवा पुरवणाऱ्या संस्थेला फुकट मिळते. बाल कल्याण समितीचं नाव त्या यादीत नाही. तिच्यापर्यंत ती झेरॉक्स ठाण्यातूनच कुणीतरी पाठवावी लागते.