संडे स्कूल: काय असते, काय उरते

सुरुवात : १७८०, ग्लॉस्टर, इंग्लंड. वृत्तपत्र संपादक रॉबर्ट रेक्स यांचा पुढाकार. हाय विकम गावी हॅना बॉल यांनी १७६९ मध्येच असा रविवारचा वर्ग भरवला होता. नाव मात्र रेक्स यांचे झाले.

रविवारच का? मुले आठवड्याचे सहा दिवस कामावर असत. ग्लॉस्टरमध्ये टाचण्यांच्या कारखान्यांत. सुट्टीचा वार एकच. पहिला धडा अक्षरओळखीचा, पुस्तक बायबल. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये सरकारी मदतीच्या शाळा वाढल्या आणि रविवारच्या वर्गात मुख्यतः धर्मशिक्षण उरले.

मराठीत : प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) 'शब्बाथ शाळा' किंवा सरळ 'संडे स्कूल'. शिकवणारे बहुधा मंडळीतलेच, बिनपगारी.

तोंडपाठ राहते ते :
• प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, स्तोत्र २३, योहान ३:१६
• बायबलच्या पुस्तकांची क्रमवार नावे : जुना करार ३९, नवा २७
• दावीद-गल्याथ, नोहाचे तारू, सिंहांच्या गुहेतला दानीएल
• हातवाऱ्यांसह गाणी. वचने विसरली तरी ही सहसा विसरत नाहीत.

जमू लागते ते : चारचौघांत वाचन, समूहगायन, नाताळच्या नाटकात उभे राहणे. मेंढपाळाची भूमिका बहुतेकांच्या वाट्याला येते.

गल्लत नको : कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग वेगळा. तिथे प्रथम कम्युनियन व दृढीकरण या संस्कारांची तयारी होते; बायबलही ७३ पुस्तकांचे. उन्हाळी 'व्हीबीएस' (व्हेकेशन बायबल स्कूल) हा सुट्टीतला काही दिवसांचाच वर्ग.