शाळेच्या छतावर सोलर बसवायचंय? पैसे कुठून येतात आणि घोडं नेमकं कुठे अडतं?

फीत कापली, नारळ फुटला, पॅनेलसमोर उभं राहून फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. ‘आमची शाळा सोलर झाली!’ अशा पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येत असतील. पण त्यातल्या काही शाळांमध्ये दोन-चार वर्षांनी बॅटरी मेलेली असते, काही ठिकाणी इन्व्हर्टरचा लाल दिवा लुकलुकत असतो, तर काही ठिकाणी सगळं व्यवस्थित चालू असतं. हा फरक पॅनेलच्या ब्रँडमुळे क्वचितच पडतो. तो पडतो बसवण्याआधी घेतलेल्या दोन-तीन निर्णयांमुळे.

म्हणूनच हा विषय जरा सविस्तर समजून घेऊया. उदाहरण घेऊया जिल्हा परिषदेच्या चार खोल्यांच्या शाळेचं.

शाळेचं लाईट बिल भरतं कोण?

आधी एक गंमत. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात शाळेत काय काय असावं याची यादी आहे. वर्गखोल्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. वीज त्यात नाही! आणि आज आपण त्याच शाळेकडून डिजिटल वर्ग, ऑनलाइन हजेरी आणि पोर्टलवर माहिती भरण्याची अपेक्षा करतो.

बिलाचा मुख्य आधार म्हणजे समग्र शिक्षा अभियानातून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये. याच पैशात खडू, रजिस्टर, नळाची दुरुस्ती, झाडू, फिनेल आणि लाईट बिल. त्यातही किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. हे पैसे वेळेवर आले नाहीत तर बिल थकतं, आणि बिल थकलं की महावितरणचा माणूस जोडणी तोडून जातो. मग कुणाच्या तरी देणगीतून आलेला टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. अनेक मुख्याध्यापक खिशातून बिल भरतात, ते याचसाठी.

किती किलोवॅट लागतं? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी

चार खोल्या, आठ पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, म्हणजे ६०० वॅट. सहा तास चालले तर ३.६ युनिट. एलईडी ट्यूब आठ, त्यांचं सुमारे १ युनिट. टीव्ही किंवा संगणक तीन तास, अर्धा युनिट. पाण्याची मोटर अर्धा तास, आणखी साधारण तेवढंच. एकूण झाले दिवसाला साडेपाच युनिट. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कायद्याने किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. साडेपाच गुणिले २२०, म्हणजे वर्षाला सुमारे १,२०० युनिट.

आता छतावर बघूया. आपल्याकडे १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट आणि वर्षाला साधारण १,४०० युनिट वीज तयार करतं. त्याला सावली न पडणारी १० चौरस मीटर जागा पुरते. म्हणजे कागदावर या शाळेची वर्षाची गरज एका किलोवॅटमध्येच भागते! तरीही छोट्या शाळांना ३ नाहीतर ५ किलोवॅट सुचवले जातात. विकणाऱ्याला मोठा संच परवडतो, आणि देणगी देणाऱ्यालाही मोठा आकडा बरा दिसतो.

पण हे ‘कागदावर’ खरं व्हायचं असेल तर एक अट आहे. तीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

ऑन-ग्रिड की बॅटरीवालं?

ऑन-ग्रिड म्हणजे पॅनेलची वीज आधी शाळेत वापरली जाते आणि उरलेली महावितरणच्या तारेत जाते. नेट मीटर दोन्ही बाजूंचा हिशोब ठेवतो. तुम्ही दिलेले युनिट तुमच्या खात्यात जमा, घेतलेले वजा. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात. हा हिशोब आर्थिक वर्षाचा असतो, १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्षाअखेरीला उरलेल्या युनिटचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने पुढच्या बिलात वळते होतात.

शाळेसाठी हे वेळापत्रक लॉटरीच आहे. ऊन सगळ्यात कडक एप्रिल-मेमध्ये, आणि मेमध्ये शाळा बंद. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच खात्यात भरपूर युनिट जमा होतात, आणि जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत ते वापरायला मिळतात. रविवार, दिवाळीची सुट्टी, काहीच वाया जात नाही.

बॅटरीवाल्या ऑफ-ग्रिड संचाचं उलटं होतं. बॅटरी भरली की पुढची वीज जायला जागाच नसते. संपूर्ण उन्हाळी सुट्टी पॅनेल उन्हात नुसतं तापतं. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी साधारण चार-पाच वर्षांत बदलावी लागते. पॅनेल २५ वर्षं टिकतं, पण बॅटरीसाठी दुसऱ्यांदा देणगीदार शोधायला कुणी जात नाही. बंद पडलेल्या शाळा-सोलरची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते.

मग सगळ्यांनी ऑन-ग्रिड घ्यावं का? थांबा. गावातली लाईट गेली की ऑन-ग्रिड संचही बंद होतो, भर दुपारी, कडक उन्हात! हा बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. त्यामुळे शाळेच्या वेळेत रोज भारनियमन असेल तर ऑन-ग्रिडने बिल कमी होईल, पण पंखे फिरणार नाहीत. अशा गावात हायब्रिड संच घ्यावा, छोट्या बॅटरीसह. दुर्गम पाड्यावर जिथे तारच पोहोचली नाही, तिथे ऑफ-ग्रिडला पर्याय नाही. फक्त बॅटरी बदलायचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला टाकावे लागतात.

आणि हो, ‘बिल शून्य’ या जाहिरातीवर जाऊ नका. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार दर महिन्याला येतच राहतो.

पैसे कुठून?

ऑन-ग्रिडचा छोटा संच ढोबळमानाने किलोवॅटला ५० ते ७० हजारांत बसतो, बॅटरी आली की खर्च चांगलाच वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. तुमच्या हातातलं कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागवा.

पहिला गैरसमज पीएम सूर्यघर योजनेचा. ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. शाळेला ते मिळत नाही. ‘सूर्यघरमधून करून देतो’ असं कुणी मुख्याध्यापकांना सांगत असेल, तर तिथेच सावध व्हा.

मग उरतात हे मार्ग. सगळ्यात जवळचा ग्रामपंचायतीचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, उरलेला अबंधित. अशा अबंधित पैशातून शाळेचं काम करता येतं, पण त्यासाठी ते ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलेलं असावं लागतं. आराखडा मंजूर झाल्यावर अर्ज घेऊन गेलात तर उत्तर मिळतं, ‘पुढच्या वर्षी बघू’. जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी हे वरचे मार्ग. तिथे एका शाळेपेक्षा तालुक्यातल्या अनेक शाळांचा मिळून प्रस्ताव वजनदार ठरतो.

दुसरा मोठा मार्ग सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत, म्हणजे शाळेचं सोलर दोन्हीकडे बसतं. कंपनी स्वतः संच बसवून देते किंवा सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत. पत्र लिहिताना ‘सोलर द्या’ एवढंच लिहू नका. पट, मागच्या १२ महिन्यांची बिलं, छताचे फोटो आणि पाच वर्षांच्या देखभालीची मागणी, हे सगळं त्यात हवं.

तिसरा मार्ग लोकवर्गणी. एक-दोन किलोवॅटसाठी माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप खरंच पुरतो. माझ्या मते छोट्या शाळेसाठी हाच सगळ्यात वेगवान रस्ता आहे, कारण यात फाईल फिरत नाही. ज्यात कंपनी स्वतः गुंतवणूक करते आणि तुम्ही युनिटप्रमाणे पैसे देता, ते मॉडेल मोठ्या शाळा-कॉलेजांसाठी ठीक. चार खोल्यांच्या शाळेसाठी कुणी येणार नाही.

अर्ज, मीटर आणि बाकीची धावपळ

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने. इमारत जिल्हा परिषदेची असल्याने गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत परवानगी घ्या. ज्या खोलीचा निर्लेखनाचा प्रस्ताव गेला आहे, तिच्यावर पॅनेल चढवू नका. कौलारू किंवा गंजलेल्या पत्र्याचं छत असेल तर आवारात खांबावर बसवता येतं.

नंतर महावितरणकडे अर्ज. थकबाकी आधी भरावी लागते, आणि जोडणी कायमची खंडित झाली असेल तर ती आधी पूर्ववत करावी लागते. त्यामुळे देणगीच्या अंदाजपत्रकात थकबाकीचा आकडाही धरा. फेब्रुवारी २०२४च्या केंद्राच्या सुधारित नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य झाला असं समजलं जातं. शाळेचा संच त्यातच बसतो. उपविभागीय कार्यालयात ‘फिजिबिलिटी बाकी आहे’ असं सांगितलं, तर या नियमाची नम्र आठवण करून द्या.

ठेकेदाराचं शेवटचं बिल नेट मीटर बसून चालू झाल्यावरच द्यायचं, हे करारात लिहून घ्या. पॅनेल चढलं पण मीटर आलं नाही, तर तारेत गेलेली वीज तुमच्या खात्यात जमा होत नाही.

संच आला की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, वॉरंटी कार्डांची प्रत गटसाधन केंद्रात. मुख्याध्यापकांची बदली होते आणि कागद त्यांच्या कपाटासोबत हरवतात. इन्व्हर्टर मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असावा, अर्थिंग पूर्ण हवं. पॅनेल धुवायचं ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. आणि दर महिन्याचं बिल आलं की त्यातले ‘आयात’ आणि ‘निर्यात’ युनिट एका वहीत उतरवा. उन्हाळ्यात निर्यात अचानक घसरली, तर कुठेतरी धूळ साचली आहे किंवा तार सुटली आहे. सातवी-आठवीची मुलं हे काम सहज करू शकतात, आलेखाच्या धड्यासाठी आकडेही आयतेच मिळतात.