पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी

डोक्यावर तुरा मिरवणारा कॉकॅटिएल हा लहानसा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडील हिरवा पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. परदेशी कॉकॅटिएलला ती लागू नाही. बाजारात येणारे हे पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेले असतात.

दार उघडून त्यास मुक्त करावे, असे दयाबुद्धीने अनेकांना वाटते. परंतु दाणा शोधणे आणि शिकऱ्यापासून बचाव करणे न शिकलेला हा जीव बाहेर फार काळ तगत नाही. त्याच्या बाबतीत जीवदया म्हणजे सुटका नव्हे, सांभाळ होय. आणि तो १५ ते २० वर्षांचा असू शकतो.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून पिंजरा पत्र्याखाली न ठेवता सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवावा. पाणी वरचेवर बदलावे व अंघोळीस उथळ भांडे द्यावे. राळे-बाजरीबरोबर पालेभाजीही हवी. चॉकलेट व ॲव्होकॅडो मात्र विषसमान. नॉनस्टिक तवा फार तापल्यास निघणारा वायू पक्ष्याचा प्राण घेतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा. रात्री दहा-बारा तास शांत झोप मिळावी. अंधारात तो दचकून फडफडतो, यासाठी मंद दिवा असावा. हा पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून सुस्त बसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

दिवसभर दुकानात गुंतलेल्या कुटुंबाने पक्षी आणण्याआधी त्याच्या किमतीपेक्षा त्याला देता येणाऱ्या वेळेचा हिशेब मांडावा. तो जुळत नसेल, तर न आणणे हीच खरी दया.