रेड (विदा साठवण)

रेड ही अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्या संगणकाच्या कार्यप्रणालीपुढे एकच साठवण म्हणून मांडण्याची पद्धत आहे. एखादी डिस्क निकामी झाली तरी विदा शाबूत राहावी आणि सेवा खंडित होऊ नये, हा तिचा मुख्य हेतू होय. काही प्रकारांत वाचन-लेखनाचा वेग वाढवणे हाही हेतू असतो. डेटा सेंटरमधील सर्व्हरची जुळणी करताना रेडची पातळी सुरुवातीलाच ठरवावी लागते, कारण विदा भरल्यानंतर ती बदलणे वेळखाऊ व जोखमीचे असते.

== इतिहास ==

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही संकल्पना एका शोधनिबंधात मांडली. मेनफ्रेम संगणकांच्या महागड्या मोठ्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, असे त्यांनी सुचवले. मात्र डिस्कची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरल्यास १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, पहिला बिघाड होतो. म्हणून संचात जादा माहिती साठवणे अपरिहार्य ठरते. मूळ निबंधात १ ते ५ अशा पातळ्या होत्या.

== प्रमुख पातळ्या ==

* रेड ०: विदा तुकड्यांत विभागून सर्व डिस्कवर पसरवली जाते. वेग वाढतो, परंतु एक डिस्क गेली तरी संपूर्ण संच निकामी होतो.
* रेड १: एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवली जाते.
* रेड ५: विदेसोबत समता-माहिती सर्व डिस्कवर वाटून ठेवली जाते. एका डिस्कचा बिघाड सहन होतो.
* रेड ६: दोन स्वतंत्र समता-माहिती ठेवल्यामुळे दोन डिस्कचा बिघाड सहन होतो.
* रेड १०: प्रतींच्या जोड्यांवर विदा पसरवली जाते.

४ टेराबाइटच्या सहा डिस्क असल्यास वापरण्याजोगी क्षमता रेड ५ मध्ये २०, रेड ६ मध्ये १६ आणि रेड १० मध्ये १२ टेराबाइट मिळते.

== समतेचे तत्त्व ==

तीन डिस्कवर १, ० आणि १ हे अंक असल्यास चौथ्या डिस्कवर ० लिहिला जातो, जेणेकरून १ या अंकांची एकूण संख्या सम राहते. दुसरी डिस्क बिघडली, तर उरलेल्या १, १ आणि ० यांवरून हरवलेला अंक ० असल्याचे निश्चित होते. याची किंमत लेखनाच्या वेळी मोजावी लागते. रेड ५ मध्ये छोटा बदल करतानाही जुनी विदा व जुनी समता वाचून नवी विदा व नवी समता लिहावी लागते. त्यामुळे सतत लेखन होणाऱ्या विदासंचांसाठी अनेकदा रेड १० निवडले जाते.

== सर्व्हरमधील मांडणी ==

रेडचे नियंत्रण स्वतंत्र कंट्रोलर कार्डाद्वारे किंवा कार्यप्रणालीतील सॉफ्टवेअरद्वारे होते. लेखन सुरू असताना वीज गेल्यास विदा आणि समता यांत विसंगती येऊ शकते. ती टाळण्यासाठी अनेक कार्डांवरील तात्पुरत्या स्मृतीला बॅटरीचा आधार दिलेला असतो. संचात एक राखीव डिस्क ठेवल्यास बिघाड होताच तिच्यावर पुनर्बांधणी आपोआप सुरू होते.

== मर्यादा ==

मोठ्या डिस्कच्या पुनर्बांधणीस अनेक तास, कधी काही दिवस लागतात. या काळात रेड ५ ला कोणतेही संरक्षण उरत नाही आणि दुसरी डिस्क बिघडल्यास विदा गमावते. म्हणून मोठ्या क्षमतेच्या डिस्कसाठी रेड ६ अधिक सुरक्षित मानले जाते.

रेड हा बॅकअपला पर्याय नाही. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. आग, चोरी किंवा खंडणीखोर सॉफ्टवेअर यांपासूनही रेड वाचवू शकत नाही. त्यासाठी विदेची वेगळी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक असते.