हळदी-कुंकू बदक: पाहुणं नव्हे, इथलंच

जयगडच्या फेरीबोटीची वाट बघताना कुणीतरी खाडीकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, "सायबेरियातली बदकं आली बघा!" या एवढ्याशा वाक्यात दोन गैरसमज असू शकतात.

पहिला म्हणजे, ते बदकच असेल असं नाही. बुडी मारून भलतीकडेच वर येणारा आणि नंतर खांबावर पंख पसरून बसणारा काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. हळदी-कुंकू बदक माशांमागे अशा बुड्या मारत नाही. ते उथळ पाण्यात डोकं खाली आणि शेपटी वर करून चरतं. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. चिखलपाणी त्यांतून गळून जातं आणि बी, पाणवनस्पती, किडे, गोगलगाई तोंडात राहतात. जयगडला, शास्त्री नदीच्या मुखाशी, पाणी खारं, म्हणून तिथे त्याला शोधण्यापेक्षा गोड्या पाण्याची तळी, बंधारे आणि पाणी साचलेली भातखाचरं बघावीत.

दुसरा गैरसमज सायबेरियाचा. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही मंडळी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा लागला की परततात, हे खरं. हळदी-कुंकू मात्र बारमाही इथलंच. फार तर पाणी आटलं की दुसरं पाणी गाठतं. ऐन श्रावणात खाचरात बदकांची जोडी दिसली, तर तिला परदेशी ठरवण्याआधी चोच बघा: काळी चोच, टोकाला पिवळा रंग आणि बुडाशी दोन तांबडे ठिपके. पाय नारिंगी-लाल.

"नर रंगीत, मादी मळकट" हा नियमही इथे चालत नाही. दोघं जवळजवळ सारखीच दिसतात, मादी थोडी लहान आणि फिकी एवढंच. आवाजावरून मात्र अंदाज येतो. मोठ्याने "क्वॅक क्वॅक" करते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका.

अंगणातलं पाळीव बदक याचंच माणसाळलेलं रूप, असंही पुष्कळांना वाटतं. बहुतेक पाळीव बदकांचा मूळ पूर्वज मॅलार्ड नावाचं वेगळं रानबदक आहे. दोघं एकाच कुळातली खरी, पण हळदी-कुंकू म्हणजे कुणाचं सुटलेलं बदक नव्हे.

शेतकऱ्यांची तक्रार मात्र गैरसमजात काढता येणार नाही. थवा भातात उतरला तर दाणे खातो, तुडवतोही. पण त्यावर बंदूक किंवा फासा हा उपाय नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बदकाची शिकार आणि त्याची अंडी उचलणं हे दोन्ही गुन्हे आहेत.

पावसाळ्यात पाण्याजवळच्या गवतात, जमिनीवरच ते घरटं करतं. अंडी साधारण ८ ते १४. पिल्लं जन्मल्यावर थोड्याच वेळात आईमागून चालू-पोहू लागतात, म्हणून बांधावर एकटी दिसलेली पिल्लं पोरकी समजून घरी नेऊ नका. आई बहुधा तुमच्यामुळेच गवतात दडलेली असते. विणीनंतर मोठ्या बदकांची उडण्याची पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तीही आजारी नसतात. पक्षी खरोखर जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.