जुन्या घराची डागडुजी : नळ आणि जमीन

‘घर पहावें बांधून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु बांधलेलें घर जुनें झाल्यावर तें स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करणें हें त्याहूनहि कसोटीचें काम आहे. त्या कामाचीं दोन मुख्य अंगें म्हणजे पाण्याचे नळ आणि पायाखालची जमीन. त्यांविषयीं येथें थोडें विवेचन करावयाचें आहे.

आपल्या नवी मुंबईंत बेलापूर येथें, पारसिक डोंगराच्या पायथ्याशीं ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नांवाची वसाहत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनीं सन १९८३ ते १९८६ या काळांत सिडकोकरितां तिची रचना केली. सुमारें ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या लहान जागा, सात सात घरांच्या मध्यें एक सामाईक चौक, आणि प्रत्येक घर शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोकळें, अशी ती योजना होती. कुटुंब वाढेल तसें घरहि वाढवितां यावें व तें काम गांवच्या गवंडी-सुतारांकडून व्हावें, हा तींतील हेतु. पुढें पुष्कळांनीं जुनीं घरें पाडून तेथें पक्के मजले चढविले. परंतु ज्यांना जुनें घर राखावयाचें आहे, त्यांनीं प्रथम कोठें हात घालावा?

उत्तर असें कीं, आधीं पाणी, मग जमीन. हा क्रम चुकला म्हणजे काय होतें, तें आम्हीं आमच्याच घरीं पाहिलें. वडिलांनीं व आम्हीं भावंडांनीं मिळून मोठ्या हौसेनें नवी फरशी बसविली. पंधरा दिवसांत एका कोपऱ्यांत ओल दिसूं लागली. खालच्या नळाचा एक सांधा पाझरत होता. फरशी फोडावी लागली. दोन महिन्यांची शिल्लक आणि वडिलांची सगळी सुटी त्यांत गेली.

जुने नळ बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. जस्त स्वतः झिजून लोखंडाचें रक्षण करतें. तें संपलें कीं लोखंडास गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, त्यामुळें नळ आंतून अरुंद होतो. नळाचा व्यास निम्मा झाला तर पाण्याची वाट निम्मी नव्हे, चतुर्थांश उरते. कारण वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. म्हणून तोटी बदलूनहि धार बारीकच राहते. असा नळ काढून टाकणेंच बरें. हल्लीं त्याच्या जागीं सीपीव्हीसीचे नळ घालतात. ते गंजत नाहींत.

नवे नळ जोडल्यावर सांध्यांचा चिकट द्राव पुरता वाळूं द्यावा, सर्व तोंडें बंद करावीं आणि पाणी भरून एक रात्र तसेंच ठेवावें. सकाळीं प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला नाहीं तरच नळ झांकावा. सांडपाण्याच्या नळास मात्र दाब नसतो. तेथें उतारच काम करतो. चाळीस हात लांबीस एक हात उतार, हें चांगलें प्रमाण होय. म्हणजे अडीच मीटर लांबीस सुमारें सहा सेंटिमीटर. मोरीखालच्या वांकड्या नळींत जें थोडें पाणी नेहमीं सांठून राहतें, तें दुर्गंधीस अडविणारें दारच आहे. तें कधीं काढूं नये.

आतां जमीन. काठीनें फरशी ठोकून पहावी. जेथें पोकळ आवाज येतो, तेथें खालची भरणी खचलेली असते. ती उकरून नवी भरणी एकदम न करतां वीतभर जाडीचे थर देऊन, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानें ठोकावी. त्यावर दगडांची खडी, मग काँक्रीट आणि शेवटीं फरशी. आपल्याकडे पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; म्हणून काँक्रीटखालीं ओल अडविणारा जाड प्लास्टिकचा कागद अंथरणें हिताचें. मोरीची जमीन जाळीकडे उतरती ठेवावी.

घरांत लांकडी माळा असेल तर तुळयांचीं भिंतींत गेलेलीं टोंकें टोंच्यानें टोंचून पहावीं. ओल व वाळवी प्रथम तेथेंच शिरतात. टोंच्या सहज आंत गेला तर ती तुळई निकामी समजावी. ती काढण्यापूर्वीं भक्कम धिरे लावावे आणि एका वेळीं एकच तुळई बदलावी.

स्वतः काम करण्यांत भूषण आहे, पण आपली मर्यादा ओळखण्यांतहि आहे. भार सोसणारी भिंत फोडणें किंवा विजेच्या तारांस हात लावणें हें जाणत्या माणसाचें काम. पाण्याची मुख्य जोडणीहि महानगरपालिकेच्या परवान्याच्या कारागिराकडूनच करवावी.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत वडीलधाऱ्यांबरोबर घरांतील सर्व नळांचा एक नकाशा काढा. पाणी कोठून येतें, कोठें वळतें व कोठून बाहेर जातें, हें कागदावर मांडा. आणि ज्या तोटीनें सर्व पाणी बंद होतें ती घरांतील प्रत्येकास दाखवून ठेवा. एखाद्या मध्यरात्रीं नळ फुटला तर तेवढ्या माहितीनें घर वांचतें.